काचघरातला चाकवत

माझ्या ल्योकाचं, संपतचं, पॉलिहाऊस हाय, इनामगावच्या शिवारात, नदीच्या अंगाला. आत ढब्बू मिरची लावलीय. त्याच्या एका कोपऱ्यावर शेजाऱ्याची चिंच वाकलीय, त्यामुळं तिथं दिवसभर ऊन असं लागतच न्हाई. कंपनीचा माणूस आला, त्यानं हातात कसलं तरी मीटर धरलं आन् म्हणला, हा कोपरा वेस्ट हाय, हितं काय लावू नका. संपतनं लावलं न्हाई. मी लावलं. चाकवत, चुका, पालक. थंडी पडली की मिरची आखडून बसती, हलत न्हाई का डुलत न्हाई, आन् माझ्या कोपऱ्यात पान हाताएवढं. सून इचारती, आत्याबाई, तुमाला हे कुणी शिकवलं? मी म्हणते, माझ्या आयनं, दौंडला, काचंच्या घरात. तिला वाटतं म्हातारी थट्टा करती. मी थट्टा करणारी बाई न्हवं. काचंचं घर खरंच व्हतं आन् त्यात चाकवत बी खरंच व्हता, आन् त्या चाकवतापायी आमचं दौंडचं बस्तान एका दिवसात उठता उठता राह्यलं. त्ये कसं त्ये सांगते.

आमी मेंढरंवाले. दिवाळी झाली की आमचं घर उठायचं. उठायचं म्हंजी खरंच उठायचं. छपरावरचं गवत काढून ठिवायचं, भांडी, गोधड्या, पीठ-मीठ समदं घोड्याच्या पाठीवर बांधायचं, वर कोंबड्या पाय बांधून बसवायच्या, कोंबड्यांच्या मधी तान्हं पोर असलं तर त्ये, आन् चालायला लागायचं. घाट उतरून कोकणात जायचं, आन् पावसाच्या तोंडाला परत यायचं. कोंबड्या घोड्यावर बसून कोकण बघायच्या, आमी चालत. कुणी मला इचारलं की तुझं लहानपण कुठं गेलं, तर मी म्हणते, रस्त्यानं. शाळा माझी पावसाळ्यापुरती. पोरं क, ख, ग गिरवत पुढं जायची, मी दर साली परत क पासनं. मास्तर म्हणायचे, ठकू, तुझं क लई चांगलं हाय. व्हतंच चांगलं. दुसरं काय येतच न्हवतं.

माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले. दोन्ही वाटंत झाले आन् दोन्ही वाटंतच ठिवले. एक घाटाच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. आय बाळंत झाली की बिऱ्हाड एक दिवस थांबायचं. त्याच्यावर थांबता येत न्हाई, मेंढरांना चारा लागतो, मेंढरू काय बाळंतिणीसाठी उपाशी ऱ्हात न्हाई. दुसऱ्या दिवशी आय पोटाला धडपं आवळून बांधायची आन् चालायची. दुसऱ्या भावाच्या येळंला तिनं पुरल्या जागी दगड लावला, उठली, घोड्याकडं बघितलं आन् बाला म्हणली, "ह्या कोंबड्या आपल्यापरीस बऱ्या." एवढंच. रडली असंल तर मागं राहून रडली असंल, म्होरं चालणाऱ्याला मागचं दिसत न्हाई.

त्याच्या पुढच्या दिवाळीला तिला परत दिवस गेलेले. घोडं उभं व्हतं, कोंबड्या बांधून झाल्या व्हत्या, आन् आय उंबऱ्यात बसली ती उठंनाच. माझे थोरले चुलते, त्यांना आमी नाना म्हणायचो, ते वाड्याचे मालक. वाडा म्हंजी समद्यांची मेंढरं आन् बिऱ्हाडं मिळून. नाना म्हणले, "बाईमाणूस मागं राह्यलं तर भाकरी कोण थापणार? मेंढरं?" आय थोरल्या दिराशी कधी समोरासमोर बोलायची न्हाई. पदर वढून भिंतीशी बोलायची, आन् भिंतीनं नानांना सांगायचं. ती भिंतीला म्हणली, "मेंढरांना शिकवा म्हणावं. त्यांचं ऐकत्यात ती." नाना भिंतीशी काय भांडणार?

माझा बा लई कमी बोलायचा. दिवसभर मेंढरांना हाका मारून घसा बसत असंल. त्यो तिच्याम्होरं उकिडवा बसला. "खायची काय हितं?"

"दौंडला काम हाय." आमच्या गावचा एकजण रेल्वेत लाइनीवर कामाला व्हता, त्याच्याकडनं आयनं कुणाला न सांगता शब्द टाकला व्हता. "साहेबाच्या बंगल्यात बागंला पाणी घालायचं. मागं खोली देत्यात. पत्र्याची हाय, पण खोली हाय."

"आन् काम गेलं तर?"

"तर येते तुमच्या मागनं."

"घाट उतरून? तवर पोट केवढं असंल?"

बा उठला, घोड्यावरनं एक गाठोडं आन् एक कोंबडी सोडून उंबऱ्यात ठिवली, आन् गेला. मला बी तिच्याजवळ ठिवलं. मी त्या सालापासनं कोकण बघितलं न्हाई.

दौंड म्हंजी आवाज. आमाला मेंढरांच्या बें-बेंची सवय, तिथं इंजनं ओरडायची. दिवस न्हाई रात न्हाई, डबे एकमेकाला धडका द्यायचे, शिट्ट्या मारायचे, आन् पत्र्याची खोली त्यांच्याबरोबर हलायची. आमची कोंबडी दोन दिवसांत अंडी द्यायची थांबली. धुतलेलं लुगडं वाळत घातलं की वाळायच्या आत काळं. पाण्याला धुराचा वास, भाकरीला धुराचा वास. आता दौंडला गेलं की गाड्या गप येत्यात आन् गप जात्यात, मला चुकल्यासारखं वाटतं. खोलीत एक चूल, एक माठ आन् छताला भोक. आयनं पहिल्या दिवशी पत्र्याला हात लावून बघितला, चारी बाजूनं. "उतरवायचा न्हाई ह्यो," म्हणली. मला वाटलं पत्रा गंजलाय म्हणून म्हणती. हे छप्पर दिवाळीला काढावं लागणार न्हाई असं तिला म्हणायचं व्हतं, आत्ता कळतं.

बंगल्याच्या बागंचे मुख्य माळी भिकाजी आप्पा. रेल्वेचे जुने माणूस, दौंडमधल्याच बौद्ध वस्तीतले. त्यांच्या खोलीत बुद्धाचा फोटो आन् शेजारी खिळ्याला रेल्वेचा खाकी ड्रेस इस्त्री करून टांगलेला. त्यो ते कधी घालायचे न्हाईत. खराब हुईल म्हणायचे. काम करायचे बनियनवर. तोंडानं लई खवट माणूस. आयला पहिल्याच दिवशी म्हणले, "धनगराची बाई बागंत? झाडं खाशीला व्हय गं?" आय म्हणली, "खायासारखं काय हाय का बघते आधी." त्यांची बायको यसूकाकू तिथंच कपडे वाळत घालत व्हती, ती एवढी हसली की चिमटे पडले. त्या दिवसापासनं तिचं आन् आयचं जमलं.

खायासारखं खरंच काय न्हवतं. फुलंच फुलं. आन् बंगल्याच्या मागच्या अंगाला त्ये काचघर. कुठल्या तरी गोऱ्या साहेबानं बांधून ठिवलेलं, लोखंडी सांगाडा आन् वर-खाली समदीकडं काचा. त्यात बाईसाहेबांचे फरन. बाईसाहेब लांब दक्षिणेकडच्या, हिंदी बोलायच्या, त्यात मधीच मराठी. फरन म्हंजी काय म्हणून मी बघायला गेले तर आमच्या घाटात ओढ्याकाठी उगवतं त्येच. मेंढरू त्याला तोंड लावत न्हाई. त्येच कुंडीत लावून, काचंत ठिवून, दिवसातनं दोनदा पाणी शिंपडायचं. संक्रांत झाली की पुण्याला झाडांचं प्रदर्शन भरायचं, तिथं ती झाडं न्यायची आन् नंबर लावायचे. मी आयला इचारलं, "घाटातल्यांना का न्हाई नंबर लावत?" ती म्हणली, "त्यांना कुणी पाणी घालत न्हाई ना."

काचघराच्या एका कोपऱ्यावर जांभूळ पसरलं व्हतं. वरच्या काचंवर शेवाळ. तिथं ऊन म्हणून न्हाई. आप्पांनी तिथं फुटक्या कुंड्यांचा ढीग घातलेला. आयला तवा डोहाळे लागले व्हते, आन् ते बी साधे, ताकातल्या चाकवताचे. बाजारात मिळत असंल, पण बाजार आमच्यासाठी न्हवता. गावाकडनं येताना पदराच्या गाठीत तिनं बी बांधून आणलेलं, चाकवताचं, मेथीचं, चुक्याचं, थोडी पालक. ते तिनं का आणलं मी इचारलं न्हाई. मेंढरंवाल्याला बी कुठं पेरायचं असतं?

"आप्पा, ह्या कोपऱ्यात काय लावता तुमी?"

"लावतो की. फुटक्या कुंड्या."

"मी भाजी टाकू का जरा?"

"तिथं ऊन येत न्हाई बाई. तिथं भूत बी उगवायचं न्हाई."

"भूत कशाला? मला चाकवत पायजे."

आप्पांनी बिडी पेटवली, इझवली, आन् म्हणले, "टाक. पण बाईसाहेबांनी इचारलं तर मी आंधळा."

आयचा हिशोब सरळ व्हता. चाकवत काय कुणी मुद्दाम लावत न्हाई. त्यो गव्हात उगवतो, ऐन थंडीत, गव्हाच्या पायाशी, सावलीत, कुणी न बोलावता. शेतकरी उपटून बांधावर टाकत्यात, आमी वाटंनं जाताना उचलायचो. ज्याला सावली आन् थंडी दोन्ही चालतं त्याला काचघराचा कोपरा काय वाईट? तिनं कुंड्या हलवल्या, माती खुरप्यानं भुसभुशीत केली, बी बारीक असतंय म्हणून चुलीतल्या राखंत मिसळून विस्कटलं, वर चिमूटभर माती. मेथी आधी उगवली आन् आमी खूष झालो, पण ती उजेडाकडं मान काढत काढत काडीसारखी लांब झाली आन् एक दिवस समदी आडवी. सावलीत मेथी लावू नका, ही गोष्ट मी सुनंला तीनदा सांगितली, तिनं लावली, आडवी झाली. पालक आन् चुका सावकाश आले. चाकवत सगळ्यात सावकाश. सावलीत भाजी वाढत न्हाई, रांगती. पण जे पान येतं त्ये रुंद, पातळ, तोंडात घातलं की न्हाई असं.

पाणी सकाळी घालायचं, सांजंला न्हाई. सांजंला घातलं की रातभर पान वलं ऱ्हातं आन् सडतं. काचघरात तर पहाटं काचंवरनं थेंब गळायचे, पाऊस पडल्यागत. म्हणून आयनं आपल्या कोपऱ्यातली एक काच काठीनं उचलून धरली, वारं खेळायला. त्यावरनं रोज भांडण.

"काच लाव ती. फरनला सर्दी हुईल."

"झाडाला सर्दी?"

"आपल्या झाडाला हुत न्हाई. साहेबाच्या झाडाला हुती."

आय व्हय म्हणायची आन् काच तशीच ठिवायची. आप्पा बघायचे आन् आंधळे व्हायचे.

पहिली भाजी काढली तवा तिनं झाड उपटलं न्हाई. खालची दोन पानं ठिवायची, वरचा शेंडा बोटानं खुडायचा, म्हंजी बगलंतनं परत फुटतं. खुडलेली पानं दोन पाण्यांनी धुतली, कारण काचंच्या आत बी इंजनाची काजळी यायची. यसूकाकूकडनं ताक आणलं, हरभऱ्याची डाळ भिजवून टाकली, पळीभर तेलात लसूण तांबडा केला आन् वर वतला. चर्र झालं तवा बाजूनं गाडी चालली व्हती, तरी आमाला ऐकू आलं. आप्पांना वाटी दिली. "मी सावलीतलं खात न्हाई," म्हणले. मंग दोन वाट्या खाल्ल्या, आन् तिसरी घरी न्यायला मागितली.

असं पौषापातूर बरं चाललं. थंडी अशी की माठाला हात लावला तरी कळ यायची. बाईसाहेबांनी आयचं पोट बघून तिला एक लोकरीची शाल दिली, जुनी, पण उबदार. आयला कुणी काय दिलं की तिला चैन पडायचं न्हाई, आपण काय द्यावं ह्येच डोक्यात. आन् एक दिवस लाइनीच्या पल्याड घुंगराचा आवाज आला. आयनं हातातली बादली खाली ठिवली आन् तशीच उभी. मी बी. मेंढरं व्हती. फलटणकडची अनोळखी माणसं, पण आमच्यातलीच, एका शेतकऱ्याच्या पडीक रानात मेंढरं बसवलेली. आयनं त्यांच्याकडं पाणी पिलं, कोकणाकडची हालहवाल इचारली, त्यांना आमचा वाडा ठावा न्हवता. येताना दोन पाट्या ताज्या लेंड्या मागून घेतल्या. एक तिच्या डोक्यावर, एक माझ्या.

आता हे समजून घ्या की आमच्यात लेंडीवर लई भरवसा. शेतकरी आमाला धान्य देऊन मेंढरं रानात बसवत्यात, ती का आमचं त्वांड बघायला? मेंढरं उठली की लगीच नांगर घालत्यात. लेंडी कुणी कुजवत बसत न्हाई, ताजी तितकी चांगली. आयनं जन्मभर ह्येच बघितलेलं. पण रान उघडं असतं, लेंडीची वाफ आभाळात निघून जाती. काचघराला झाकण व्हतं. हे आयला ठावं न्हवतं, मला न्हवतं आन् मेंढरांना बी न्हवतं.

त्या दिवशी आप्पा लवकर गेले व्हते. आयनं आपल्या कोपऱ्यात दोन वंजळी टाकल्या, आन् राह्यलेली समदी लेंडी, शालीची परतफेड म्हणून, बाईसाहेबांच्या एकूणएक कुंडीत भरली. चांगली गळ्यापातूर. वर पाणी घातलं, म्हंजी मुरंल. मंग थंडी म्हणून समद्या काचा घट्ट लावल्या, दार लावलं, फक्त आपल्या कोपऱ्यातली काच सवयीनं काठीवर. "आता बघ नंबर येतो का न्हाई," मला म्हणली. तिला एवढं खूष मी त्याआधी बघितलेलं न्हाई.

सकाळी आप्पांनी काचघराचं दार उघडलं आन् परत लावलं. आयला म्हणले, "आत कोण मेलंय का बघून ये." वास असा की नाकात सुई घातल्यागत, डोळ्यांतनं पाणी. कोंडलेल्या मुतरीचा वास, पण दहापट. आन् फरन समदे तपकिरी, टोकापासनं करपून आत वळलेले, चुलीत घालायला निघालेल्या कागदासारखे. एक न्हाई वाचला. नुसता आमचा कोपरा, जिथनं वारं येत व्हतं, तिथं चाकवत हिरवागार उभा, काय झालंच न्हाई असा.

बाईसाहेब नाकाला पदर लावून आल्या. आत गेल्या, एकेका कुंडीपुढं थांबल्या. कोपऱ्यापुढं जास्त येळ थांबल्या.

"ये क्या है?"

"भाजी हाय बाईसाहेब," आप्पा म्हणले.

"मेरा फर्न मर गया, और भाजी जिंदा है?"

व्हतंच तसं. आयनं दोन्ही हात जोडले. काय सांगणार, की तुमच्या शालीसाठी केलं? बाईसाहेबांनी आरडाओरडा केला न्हाई. केला असता तर बरं झालं असतं, ओरडणारं माणूस दमतं. त्या आयकडं न बघता म्हणल्या, शाम तक खोली खाली कर दो, आन् गेल्या.

आमी खोलीत आलो. बांधायला फार न्हवतंच. आय म्हणली, "तुझ्या बाचा वाडा आत्ता कुठं असंल?" मी म्हणलं, घाटाच्या खाली, लई लांब. तिला सातवा लागला व्हता. तिनं गाठोड्यातनं धडपं काढलं, त्येच, पोटाला बांधायचं, उभं राहून कमरंला गुंडाळलं आन् मागं गाठ मारायला गेली. गाठ बसंना. एकदा सुटली, दोनदा सुटली. मी पुढं झाले आन् मी गाठ मारली, कशी मारली मला ठावं न्हाई, तिचं पोट माझ्या हातांना लागत व्हतं आन् आतलं हलत व्हतं. दोन दगड मी बघितलेले व्हते. तिसरा कुठं असंल याचा मी बी इचार करत व्हते आन् ती बी करत व्हती.

मंग ती म्हणली, "भाजी माझी हाय. ती कशाला ठिवायची?" आन् सरळ काचघरात जाऊन ओंजळभर खुडून आणली. गाठोडं बांधलेलं, पण कढई परत सोडली, चूल पेटवली. जायच्या आधी भाकरी खाऊनच निघायची रीत आमच्यात, रस्ता कवा जेवू देईल सांगता येत न्हाई. वाटीत भाजी घेऊन आप्पांकडं गेली. आप्पा पालथ्या कुंडीवर बसले व्हते.

"कुठं जाणार?" त्यांनी इचारलं.

"घाट उतरून."

"ह्या पोटानं?"

"मंग पोट काय हितं ठिवून जाऊ?"

आप्पांनी भाजी खाल्ली. वाटी बोटानं पुसून घेतली. मंग उठून घरी गेले. मला वाटलं, झालं, जेवले आन् गेले. पण थोड्या येळानं परत आले, अंगावर त्यो खाकी ड्रेस, इस्त्रीच्या घड्यांसकट, बटनं गळ्यापातूर. आमी त्यांना वळखलंच न्हाई आधी. यसूकाकू मागनं ओरडत व्हती, "अवो, टोपी! टोपी राह्यली!" ते थांबले न्हाईत. बंगल्याच्या पायरीपाशी उभं राहून त्यांनी बाईसाहेबांना बोलावलं. मी जांभळाखाली व्हते, समदं ऐकलं.

"बाईसाहेब, लेंडी मी टाकायला सांगितली."

"तुम?"

"हां जी. ही बाई सांगंल तेवढं करती. सांगणारा मी. चुकी झाली."

"आप्पा, झूठ मत बोलो."

"न्हाई बोलत."

"मैं साहब को बोलूंगी. रिपोर्ट होगा."

"करा. मी परमनंट हाय. मला काढायचं म्हणलं तर मुंबईवरनं कागद यावा लागतो. कागद यायला साल जातं. तवर फरन परत फुटंल."

बाईसाहेबांना समदं कळत व्हतं, येडी बाई न्हवती ती. शेवटी म्हणल्या, ती राहील, पण काचघरात तिचा पाय दिसता कामा नये. आन् दार लावलं. आप्पा वळले, आमच्या खोलीवरनं जाताना आयकडं न बघता म्हणले, "सोड ते गाठोडं. आन् भाजीत मीठ कमी व्हतं."

प्रदर्शन झालं. बाईसाहेबांनी ह्या खेपंला काय नेलं न्हाई, नंबर दुसऱ्या कुणाला गेला. आप्पांना मेमो आला. त्यांनी त्यो यसूकाकूला चुलीपाशी वाचून दाखवला. ती म्हणली, "बघा, चाकवत केवढ्याला पडला." फरन बुडापासनं कापले, त्यांना नवे कोंब यायला उन्हाळा उजाडला. आले ते मातर पहिल्यापरीस दांडगे आले. लेंडी मुरली व्हती.

आयला काचघर बंद झालं, म्हणून कोपऱ्यात मी जायला लागले. ती भायेर, काचंला नाक लावून उभी. आतनं तिचं बोलणं ऐकू यायचं न्हाई, नुसतं त्वांड हलताना दिसायचं. मी पान धरायचे, ती मान हलवायची, न्हाई, त्ये न्हाई, खालचं. मी दुसरं धरायचे. मंग ती बोटं चिमटीसारखी करून दाखवायची, हितनं खुड. चुकलं की काचंवर टकटक. मला शेतीतलं जे काय येतं त्ये असं आलं, काचंतनं. शब्द एक बी न ऐकता. आज संपतला शिकवायला कंपनीचा माणूस येतो, तास तास बोलतो, आन् संपत मोबाईल बघतो.

शिमगा झाल्यावर आय बाळंत झाली. रेल्वेचा दवाखाना कायमच्या माणसांना, आमाला न्हाई. यसूकाकूनं समदं केलं. मला भायेर बसवलं, आन् आत रडणं सुरू झालं त्याच येळंला इंजनानं शिट्टी मारली, त्यामुळं मला आधी कळलंच न्हाई. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी घेऊन आत गेले तर आय उठून बसलेली, आन् अंथरुणात काय तरी शोधत व्हती. ते धडपं शोधत व्हती.

यसूकाकू म्हणली, "कुठं निघालीस गं?"

"चालायचं न्हाई व्हय?"

"कुठं?"

आयनं काकूकडं बघितलं, माझ्याकडं, पत्र्याकडं. मंग पोराला कुशीत घेऊन परत आडवी झाली. दिवसभर झोपली. मी तिला दिवसा झोपलेली त्याआधी कधी बघितली न्हवती, आजारपणात बी न्हाई. मी दोनदा नाकापाशी हात धरून बघितला.

जेठात बा आला. नानांनी वाडा पुढं गावाकडं नेला आन् त्यो एकटाच, थोडी मेंढरं घेऊन, वाट वाकडी करून दौंडला आला. बंगल्याच्या फाटकाभायेर मेंढरांनी समदा रस्ता अडवला, एक साहेब सायकलवरनं उतरून वाट बघत उभा. बा फाटकाच्या आत आला न्हाई. आय पोराला घेऊन भायेर गेली. बानं पोराकडं बघितलं. हात लावला न्हाई, नुसतं वरनं खालपातूर बघितलं, बाजारात कोकरू बघत्यात तसं, पाय सरळ हायती का, डोळा फिरतोय का. लई येळ. मंग त्यानं त्याला येणारा एकच प्रश्न इचारला.

"चालंल का ह्यो?"

"न्हाई," आय म्हणली. "ह्यो न्हाई चालायचा."

बानं मान हलवली. मेंढरं वळवली, सायकलवाल्याला वाट दिली आन् गावाकडं गेला. पुढच्या दिवाळीला त्यानं घोड्यावर बिऱ्हाड बांधलं तवा आमाला कुणी इचारलं न्हाई.

त्यो माझा भाऊ रेल्वेत लागला, तिथनंच रिटायर झाला. दौंडला ऱ्हातो. साखर हाय त्याला. डॉक्टर सांगतो, रोज सकाळी चालत जा. त्यो न्हाई चालत.